राजवाडा, हौद आणि बाग

आपल्या वस्त्यांतून आता सहली निघतात. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, अजिंठा-वेरूळ या वाटा आपल्या पायांना जुन्याच आहेत. अलीकडे त्यांत राजवाड्यांची भर पडली आहे. म्हैसूर, बडोदे, कोल्हापूर, उदयपूर. पोरे शिकली, नोकऱ्या लागल्या, हातात चार पैसे आले, तेव्हा माणसे जग पाहायला बाहेर पडली. याचा मला आनंद आहे. ज्या फाटकासमोरून आपल्या आज्या-पणज्यांना मान खाली घालून जावे लागे, त्याच फाटकातून रीतसर तिकीट काढून आत जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण आत गेल्यावर आपण काय पाहतो आणि कसे पाहतो, हा प्रश्न मला साहित्यसमीक्षेइतकाच महत्त्वाचा वाटतो. राजवाडा हीसुद्धा एक संहिता आहे. तिला लेखक आहे, नायक आहे, शैली आहे, आणि तिने मुद्दाम गाळलेल्या ओळीही आहेत. कथा-कादंबऱ्या वाचताना आपण विचारतो की यात आमचा माणूस कोठे आहे, असलाच तर कोणत्या नजरेने रंगवला आहे? तोच प्रश्न दगडविटांच्या संहितेला का विचारू नये?

राजवाडा पाहण्याच्या दोन तयार पद्धती आपल्याकडे आहेत. एक दिपून जाण्याची. झुंबर, गालिचे, तलवारी पाहून माणूस हरखतो आणि क्षणभर स्वतःला त्या वैभवाचा वारस समजतो. दुसरी नकाराची. हे सारे शोषणाचे उभे केलेले ढिगारे आहेत, असे म्हणून पाठ फिरवायची. पहिलीत आपण प्रजा होऊन बाहेर पडतो. दुसरीत संताप खरा असतो, पण त्याला तपशील नसतो. आणि तपशिलाविना संताप फार काळ टिकत नाही. मला तिसरी पद्धत मांडायची आहे, आणि त्यासाठी मी बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा घेतो. कारण या राजवाड्याशी आपले नाते सरळ नाही. त्याचा धनी आपला शत्रू नव्हता.

१

लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पूर्ण झाला. मेजर चार्ल्स मँट याने त्याचा आराखडा केला. १८८१ मध्ये मँट वारला आणि रॉबर्ट चिझमने काम तडीस नेले. इमारत आपल्या भाराने कोसळेल या धास्तीने मँटने जीव दिला, ही कहाणी गाईड फार रंगवून सांगतात. बकिंगहॅमच्या चौपट मोठा राजवाडा, हेही अभिमानाने सांगितले जाते. खोल्या सुमारे १७० असल्याचे सांगतात. दरबार हॉलची मोझेक फरशी व्हेनिसची, रंगीत काचा युरोपातल्या, पुतळे फेलिची या इटालियन शिल्पकाराचे, भिंतींवरची चित्रे राजा रविवर्म्याची.

मी त्या दरबार हॉलमध्ये उभा राहिलो तेव्हा फरशीचे कौतुक मलाही वाटले. सौंदर्य दिसू नये असा काही आपला सिद्धांत नाही. पण कान त्या निवेदनाकडे होते. आराखडा करणाऱ्याचे नाव आहे, पुतळे घडवणाऱ्याचे आहे, चित्रकाराचे आहे. दगड फोडणाऱ्याचे, विटा वाहणाऱ्याचे, चुन्याची घाणी फिरवणाऱ्याचे नाव दर्शकापर्यंत पोचत नाही. राजवाडा पाहायला आलेल्या कोणालाही ते हवेसे वाटत नाही, ही त्याहून गंभीर बाब आहे. मँटच्या मरणाची हळहळ वाटावी, आणि परातीवाल्या बाईचे अस्तित्वही सुचू नये, ही रसिकता आपोआप येत नाही. ती घडवावी लागते.

आपल्या मराठी प्रवासवर्णनाने तीच रसिकता पिढ्यान्‌पिढ्या घडवली. राजवाडा आला की लेखकाची भाषा बदलते. 'भव्य', 'दिव्य', 'नेत्रदीपक' अशी विशेषणे एकामागून एक येतात. लेखक कोठे उतरला, त्याला पाणी कोणी दिले, खोली कशी मिळाली, हे त्यात येत नाही. आले तर गमतीचा मजकूर म्हणून येते. ज्याला पाणी आणि खोली आयुष्यभर विनासायास मिळाली, त्याच्या लेखी ते लिहिण्याजोगे नसतेच.

रविवर्म्याच्या चित्रांचाही येथे विचार केला पाहिजे. १८८८ साली सयाजीरावांनी नव्या राजवाड्यासाठी त्याला चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याने रंगवलेल्या देवदेवता स्वस्त छापील चित्रांतून घरोघर गेल्या. आमच्या वस्तीतही आल्या. माझ्या आजीच्या कुडाच्या भिंतीवर कमळातली लक्ष्मी होती, असे वडील सांगत. देवळाची पायरी ज्यांना बंद, त्यांच्या घरात देवीचे चित्र चार आण्यांत येऊन बसले. बाजाराला विटाळ नव्हता. आणि १९५६ नंतर तीच चित्रे आमच्या भिंतींवरून उतरली. तेथे बुद्ध आणि बाबासाहेब आले. राजवाड्यात चित्र अजून जागच्या जागी आहे, आमच्या घरी खिळ्याची फक्त खूण राहिली. चित्राच्या इतिहासात ही दुसरी घटनाही लिहिली गेली पाहिजे. कलासमीक्षेने ती लिहिलेली मला फारशी आढळत नाही.

२

आता या राजवाड्याशेजारी मी दुसरी एक संहिता ठेवतो. ती बाबासाहेबांची आहे. १९३५ च्या सुमारास त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवलेली काही आत्मवृत्तात्मक टिपणे १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. ही टिपणे मी आपल्या वाङ्मयातले पहिल्या प्रतीचे प्रवासवर्णन मानतो. बहुतेक प्रसंग प्रवासाचेच आहेत. वडिलांना भेटायला निघालेली, मसूरच्या स्टेशनावर अडकलेली मुले, चाळीसगावचा टांगा, बडोदे, दौलताबाद. माणूस घरातून निघतो आणि वाटेत पाणी, वाहन, निवारा यांपैकी एकेक गोष्ट त्याला नाकारली जाते. प्रस्थापित प्रवासवर्णन ज्याला क्षुल्लक म्हणून गाळते, तोच येथे आशय आहे.

बडोद्याचा प्रसंग १९१७ चा. बाबासाहेबांना बडोदे दरबारने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली होती. १९१३ साली करार झाला होता; परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा तरुण करार पाळायला सप्टेंबरमध्ये बडोद्याच्या स्टेशनावर उतरला. राहायचे कोठे? हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होते. पारशी धर्मशाळा होती, पण ती पारश्यांपुरती. तेथे पारशी नाव लावून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. माडीवर एक लहान खोली. बाजूच्या मोठ्या दालनात मोडके सामान. रात्री कंदिलाचा उजेड. कचेरीत पट्टेवाले कागद लांबून टेबलावर टाकीत, आणि प्यायला पाणी नसे. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी ते ग्रंथालयाची पुस्तके परत करायला निघाले असता काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर आले. संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती होता. दोघांकडूनही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. आईवडिलांची आठवण येत होती, एवढेच ते लिहितात. आठ वाजता बागेतून उठून ते सामान घ्यायला धर्मशाळेत गेले. तेथला रखवालदार समोर आला, आणि दोघांनाही शब्द फुटला नाही.

या मजकुरात विशेषणे जवळजवळ नाहीत. आकडे आहेत: दीड रुपया, अकरावा दिवस, पाच तास, नऊची गाडी. गाईडच्या तोंडचे आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे १७० खोल्या, दुसरीकडे एक खोली, तीही नाव बदलून. ज्या शहराच्या राजाने माणसाला समुद्रापार शिकायला धाडले, त्या शहरात त्या माणसाला एक रात्र टेकायला जागा मिळाली नाही. राजवाड्याचे वर्णन हा मजकूर गाळून केले तर ते अपुरे आहे असे मी म्हणेन. त्याला खोटे म्हणण्यापर्यंत मी जात नाही.

३

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. सयाजीराव गायकवाड यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा माझा हेतू नाही. तसे करणे कृतघ्नपणाचे होईल, आणि इतिहासालाही धरून होणार नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली दत्तक गेला. त्याच्या राज्यात अंत्यजांसाठी शाळा निघाल्या. त्यांत शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमले गेले. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उभी राहिली. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. हिंदुस्थानातल्या किती संस्थानिकांची अशी नोंद देता येईल?

म्हणूनच बडोद्याचा प्रसंग अधिक शिकवणारा आहे. वाईट राजाच्या राज्यात अस्पृश्याचा छळ झाला, यातून आपण एवढेच शिकलो असतो की राजा वाईट होता. चांगल्या राजाच्या राज्यात तो झाला, तेव्हा कळते की सत्ता दोन आहेत. एक राजवाड्यातली. ती शिष्यवृत्ती देऊ शकते, शाळा काढू शकते, हुकूम सोडू शकते. दुसरी पट्टेवाल्याच्या हातात, खानावळीच्या दारात, मित्राच्या स्वयंपाकघरात आहे. तिला मुकुट नाही, दरबार नाही, आणि तिचा राजवाडा कोणी पाहायला जात नाही. पण राजाचा हुकूम तिच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. जात ही अशी सत्ता आहे, हे बाबासाहेबांनी पुढे आयुष्यभर मांडले. राजवाड्याची भव्यता पाहून ज्याला वाटते की सारी सत्ता येथेच होती, त्याला बडोदे कळलेले नाही.

आणि कृतज्ञतेचे काय? आपल्या सभांतून 'महाराजांचे उपकार' हा शब्दप्रयोग फार सैल वापरला जातो. १९१३ च्या कागदावर उपकाराची भाषा नव्हती. त्यावर अटी होत्या, मुदत होती, दोन्ही बाजूंची बांधिलकी होती. बाबासाहेब बडोद्याला आले ते त्या बांधिलकीपोटी. त्यांनी आपला शब्द पाळायचा प्रयत्न केला. शहराने तो पाळू दिला नाही. सयाजीरावांविषयी आदर जरूर असावा, पण तो बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाविषयी बाळगलेला असावा. उपकाराच्या भाषेत देणारा उंच होतो आणि घेणारा वाकतो. राजवाडा नेमकी हीच भाषा बोलतो. त्याच्या जिन्यांची रुंदी, छताची उंची हे सारे तुम्हाला लहान करण्यासाठीच मोजून केलेले असते.

४

राजवाड्यापासून कामाठी बाग दूर नाही. आज ती सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. विश्वामित्री नदीकाठची ही बाग सयाजीरावांच्याच कारकिर्दीत, १८७९ साली झाली. ती सार्वजनिक होती. म्हणून तेथे पाच तास बसलेल्या माणसाला 'तू कोण' असे कोणी विचारले नाही.

माझ्या प्रतिपादनाचा हा गाभा आहे. सयाजीरावांनी बांधलेल्या कोणत्या गोष्टी बाबासाहेबांच्या उपयोगी पडल्या? शिष्यवृत्ती, कारण तिला करार होता. बाग, कारण तिच्या फाटकावर जात विचारली जात नव्हती. राजवाडा उपयोगी पडला नाही. राजाचे मोजमाप त्याने स्वतःसाठी किती उंच बांधले यावरून करायचे नसते. त्याने सगळ्यांसाठी काय खुले केले, यावरून करायचे असते. पर्यटन हे माप उलटे करते. तिकीट राजवाड्याला लागते, म्हणून राजवाडा मोलाचा ठरतो. बाग फुकट, म्हणून ती सहलीतला डबा खाण्याची जागा ठरते.

पण 'खुले' या शब्दावरही थांबून चालणार नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. ही मंडळी आपल्यासारखीच पर्यटक होती. प्रवासाच्या धुळीने माखलेली माणसे दाराजवळच्या हौदावर हातपाय धुऊन पुढे झाली, तोच मागून ओरडा झाला की हौद बाटवला. रमजानचे दिवस होते. जमाव जमला, शिवीगाळ झाली. अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल काय, या बाबासाहेबांच्या प्रश्नावर जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती या अटीवर की आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि त्यासाठी बंदूकधारी शिपाई बरोबर देण्यात आला.

राजेशाही वास्तू पाहायला गेलेल्या दलित पर्यटकाचे याहून नेमके चित्र मला माहीत नाही. किल्ला बघ, तटबंदीचे कौतुक कर, यादवांचा नि तुघलकांचा इतिहास ऐक. पण तहान लागली तर ती घरी नेऊन भागव. डोळ्यांना परवानगी, ओठांना बंदी. वास्तू पाहू देणे म्हणजे वास्तू खुली करणे नव्हे.

५

हौदाचीच आणखी एक गोष्ट कोल्हापूरची. तेथला नवा राजवाडाही मँटच्याच आराखड्याचा. आज त्यात संग्रहालय आहे. भुसा भरलेले वाघ, बंदुका, पोशाख पाहायला माणसांची रीघ असते. या राजवाड्याच्या चाकरीत गंगाराम कांबळे होते. हौदाला हात लावला म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी मारहाण केली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगाराम यांना भर रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले, आणि स्वतः गाडी थांबवून, बरोबरच्या मंडळींसह तेथे चहा घेऊ लागले. १९०२ च्या राखीव जागांच्या हुकमाइतकाच, १९२० च्या माणगाव परिषदेइतकाच हा चहा मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या सत्तेच्या माणसाने राजवाड्याबाहेर येऊन दुसऱ्या सत्तेच्या उंबऱ्यावर पाय दिला. हुकूम जेथे थांबतो, तेथे तो स्वतः चालत गेला. कोल्हापूरच्या राजवाड्याशी जोडलेली सर्वांत मोलाची वस्तू माझ्या लेखी तो चहाचा कप आहे, आणि तो राजवाड्यात ठेवायची वस्तूच नव्हे.

तरीही राजा गाडीतून उतरेल म्हणून किती दिवस वाट पाहायची? शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, सयाजीराव १९३९ मध्ये. बाबासाहेबांनी ही वाट पाहिली नाही. १९२७ मध्ये ते महाडच्या तळ्यावर गेले. पुढे संविधानात कलम १५ आले. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते, लोकांच्या वापराच्या जागा येथे जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, असे त्यात लिहिले गेले. त्या यादीत मला धर्मशाळा दिसते, बाग दिसते, दौलताबादचा हौद दिसतो. आपल्या प्रवासवर्णनाचे ते कायद्याच्या भाषेतले शेवटचे प्रकरण आहे. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे गेले, पदव्यांची मान्यता गेली. आज आपण राजवाड्यात शिरतो ते या दोन्हींच्या बळावर. तिकीट हे त्याचे लहानसे प्रतीक आहे.

पण खोलीचा प्रश्न सुटला असे कोणी म्हणू नये. शहरात भाड्याने घर शोधताना 'आडनाव काय?' हा प्रश्न मलाही विचारला गेला आहे, आणि वाचकांपैकी अनेकांना विचारला गेला असेल. उत्तर दिल्यावर खोली 'कालच गेलेली' असते. काठ्या नाहीत, जिन्यावर गर्दी नाही, आवाज गोड आहे. नाव बदलून राहण्याची बाबासाहेबांवर आलेली वेळ आडनावे बदलणाऱ्या आपल्या पोरांवर आजही येते. दुसऱ्या सत्तेचे तनखे कोणी बंद केलेले नाहीत.

कामाठी बागेतील त्या झाडाखालच्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. दर वर्षी २३ सप्टेंबरला तेथे माणसे जमतात. २०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने ती राष्ट्रीय महत्त्वाची जागा म्हणून घोषित करावी, अशी शिफारस केली. हे योग्यच झाले. बाबासाहेबांच्या त्या टिपणात संकल्पाची घोषणा नाही. संकल्प त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांत वाचावा लागतो. माझी भीती वेगळी आहे. आपणही तेथे संगमरवर, झुंबर, उंच कमानी मागू लागलो, तर राजवाड्याचीच भाषा आपण बागेत आणू. त्या जागेचे सारे सामर्थ्य ती उघडी, फुकट आणि सर्वांची असण्यात आहे. तेथे पाण्याचा नळ असावा, बसायला बाके असावीत, आणि पाच तास घालवायचे असलेल्या कोणाही उपऱ्याला कोणी उठवू नये.

म्हणून सहली काढणाऱ्या आपल्या मंडळांना माझी सूचना आहे. लक्ष्मीविलास जरूर पाहा. फरशी पाहा, चित्रे पाहा, आकडे ऐका, प्रश्न विचारा. मग बागेत या, आणि बडोद्याचे ते टिपण मोठ्याने वाचा. वाचायला अर्धा तासही लागत नाही. आणि घरी गेल्यावर आपल्या लिहित्या पोरांना सांगा की प्रवासवर्णन लिहा. त्यात कोठे उतरलात, खोली कोणी दिली, आडनाव कोणी विचारले आणि पाणी कोठे प्यायलात, हे आधी लिहा. झुंबराचे नंतर पाहू.